सायकल सहलीची पिशवी : काय न्यावे, काय घरी ठेवावे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेत सायकल सहलीची चर्चा सुरू होते. कपडे किती घ्यायचे, फराळाचा डबा कुणी आणायचा, याच्या याद्या घरोघरी होतात. सायकलीच्या दुरुस्तीचे सामान मात्र यादीच्या तळाशी जाते आणि पुष्कळदा "ते सर आणतीलच" एवढ्यावर मिटते. म्हणून या अंकात आम्ही केवळ या पिशवीविषयीच लिहायचे ठरवले आहे.

आणखी एक कारण आहे. "आमच्या मुलाची सायकल आजोबांच्या वेळची, साधी काळी. ती एवढ्या लांब टिकेल का? त्याला नेणार का?" असे काही पालक आम्हाला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर सायकलीच्या किमतीत सापडत नाही, ते पिशवीत सापडते. कसे, ते पुढे येईलच.

रस्ता आधी, पिशवी नंतर

सामान ठरवण्यापूर्वी रस्ता डोळ्यांपुढे आणावा. उदाहरणादाखल आपल्याकडचा एक सुरेख फेरा घेऊ. बेळगावहून जांबोटी, मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि पणजी. परतताना म्हापसा, पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, आंबोली घाट, चंदगड फाटा, शिनोळी आणि बेळगाव. सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, तीन राज्ये आणि दोन घाट. चार दिवसांत निवांत होण्यासारखा हा प्रवास आहे.

या रस्त्याचे दोन भाग पडतात. साखळी, म्हापसा, सावंतवाडी ही बाजारपेठेची गावे. तेथे टायर-ट्यूब, ब्रेकची वायर, नट-बोल्ट मिळण्याची चांगली शक्यता असते. कणकुंबी ते केरी किंवा सावंतवाडी ते आंबोली या जंगलाच्या पट्ट्यात मात्र सायकलीचे दुकान सापडेल असे धरून चालू नये. चोर्ल्याची उंची सुमारे ८०० मीटर, आंबोलीची ७०० मीटरच्या आसपास. म्हणजे आधी मोठी उतरण, शेवटी मोठी चढण. उतरणीला ब्रेकची परीक्षा, चढणीला चेनची. आपली पिशवी या दोन पट्ट्यांसाठी भरायची आहे, सगळ्या फेऱ्यासाठी नव्हे.

तीन प्रश्न

प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू वाटेत बिघडण्याचा वा तुटण्याचा संभव कितपत आहे? ती बिघडली तर सायकल जागच्या जागी थांबेल, की पुढच्या गावापर्यंत जाता येईल? आणि पुढच्या गावात ती मिळेल का?

मडगार्ड तुटले तर तारेने बांधून पुढे जाता येते, म्हणून मडगार्ड न्यायचे नाही, तार न्यायची. ब्रेकची वायर तुटली तर घाटात एक पाऊलही पुढे टाकायचे नाही, म्हणून वायर न्यायचीच. सीट सहसा तुटत नाही, घरी राहू दे. या चाळणीतून यादी गाळली की निम्मे ओझे आपोआप उतरते.

पंक्चर : सगळ्यात नेहमीचे

लांबच्या प्रवासात पंक्चर होणारच, हे धरूनच निघावे. प्रत्येकाकडे आपल्या मापाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पाच-सहा पॅच, खरकागदाचा तुकडा आणि सोल्युशनची न फोडलेली ट्यूब असावी. एकदा फोडलेले सोल्युशन काही आठवड्यांत आतल्या आत सुकते. मागच्या वर्षीची ट्यूब पिशवीत असूनही निरुपयोगी ठरते, म्हणून ती नवीच घ्यावी.

मापाच्या बाबतीत फार गोंधळ होतो. '२६ इंची' म्हणून दुकानातून ट्यूब किंवा टायर आणला आणि बसलाच नाही, असे अनेकदा घडते. कारण २६ × १⅜ आणि २६ × १.९५ ही दोन वेगळी मापे आहेत. पहिल्याच्या रिमवर टायर जेथे बसतो तो व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. जुन्या मोठ्या काळ्या सायकलीचे २८ × १½ म्हणजे ६३५ मिलिमीटर. ७०० सी आणि २९ इंची या दोन्हींचा व्यास मात्र एकच, ६२२. फक्त रुंदी वेगळी. हा तीन आकडी व्यास बहुतेक टायरच्या कडेवर '३७-६२२' अशा जोडीत छापलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. मुलांनी आपल्या टायरवरचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. दुकानात इंच सांगण्यापेक्षा तोच दाखवावा.

वॉल्व तीन प्रकारचे असतात. जुन्या सायकलीचा, ज्यात बारीक रबरी नळी असते तो. मोटारसायकलीला असतो तसा जाड. आणि महागड्या सायकलींचा बारीक, ज्याला प्रेस्टा म्हणतात तो. पहिल्यासाठी वीतभर वॉल्वची रबरी नळी बरोबर ठेवावी, ती कुजली की हवा हळूहळू जाते आणि पंक्चर कुठेच सापडत नाही. दुसऱ्यात कोणत्याही मोटारसायकल पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. तिसऱ्यासाठी पितळेचा एक छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो. तो बोटाच्या पेराएवढाही नसतो, पण तो नसेल तर रस्त्यावरचा हवेचा पंप असून नसल्यासारखा.

पंक्चर काढताना घाई करू नये. जागा खरकागदाने घासावी, सोल्युशन पातळ लावावे आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे. ओल्यावर पॅच लावला तर तो सुटतो. त्याआधी ट्यूब काय सांगते ते वाचावे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर टायरमध्ये हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. छिद्र आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचे टोक वर आले आहे. छिद्र बाहेरच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा तार अजून टायरमध्येच असेल. जुन्या सुती कापडाची चिंधी टायरच्या आतून फिरवावी, ती जेथे अडकेल तेथे काटा. तो न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही गेली म्हणून समजा.

टायरच फाटला तर ट्यूब चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरचा, काठाची तार कापून टाकलेला, तळहाताएवढा तुकडा न्यावा. चिरेच्या आतून तो ठेवून हवा थोडी कमी भरली तर पुढचे गाव गाठता येते. हा तुकडा फुकट मिळतो, आणि पिशवीत त्याच्याएवढी कामाची दुसरी फुकट वस्तू नाही.

नव्या ट्यूबा हत्यारांबरोबर सुट्या टाकू नयेत. पान्याच्या धारेने त्या पिशवीतच चिरतात. थोडी टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घालाव्यात. निघण्यापूर्वी एकदा हवा भरून पाहणेही आवश्यक, कारण नवी ट्यूब म्हणजे चांगली ट्यूब असे नेहमीच नसते.

ब्रेक : येथे काटकसर नाही

चोर्ल्याच्या उतरणीवर सायकल, मूल आणि सामान यांचे सगळे वजन दोन मुठींत असते. ब्रेकच्या बाबतीत म्हणून 'चालून जाईल' हा शब्द वापरायचा नाही.

वायर बहुधा लिव्हरच्या आत, तिच्या डोक्यापाशी तुटते. एकेक तंतू आधी उसवतो. निघण्यापूर्वी लिव्हर दाबून तेथे डोकावून पाहावे, एकही तंतू तुटलेला दिसला तर वायर घरीच बदलावी. बरोबर मागच्या ब्रेकच्या लांबीची वायर न्यावी. ती कापून पुढच्या ब्रेकलाही चालते, पुढची मात्र मागे पुरत नाही. गिअरची वायर दिसायला तशीच असते, पण ती सुमारे १.२ मिलिमीटरची. ब्रेकची दीड मिलिमीटर किंवा थोडी जास्त. गिअरची वायर ब्रेकला कधीही लावू नये, तो ताण तिच्यासाठी नव्हे.

ब्रेकच्या रबरांवर खाचा असतात. त्या झिजून सपाट होत आल्या की रबर बदलायचे. रबरात रुतलेले वाळूचे वा धातूचे कण टोकदार वस्तूने काढावेत, नाहीतर ते रिम खरवडत राहतात. लांब उतरणीवर ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा असे आलटून-पालटून वापरावे आणि मध्ये थांबून रिम निवू द्यावी.

डिस्क ब्रेक असणाऱ्यांनी आपल्याच ब्रेकच्या आकाराचे पॅड बरोबर घ्यावेत. त्यांचे आकार अनेक आहेत आणि लहान गावात नेमके आपलेच मिळतील हा भरवसा नाही. तेलावर चालणारा ब्रेक असेल तर चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. तेथे पुठ्ठ्याची घडी घालून ठेवावी.

जुन्या सायकलींना वायरऐवजी लोखंडी सळ्यांचे ब्रेक असतात. त्या सहसा तुटत नाहीत, पण त्यांचे नट ढिले होतात, आणि ओल्या रिमवर हे ब्रेक फारच कमी पकडतात. अशा सायकलस्वाराने तीव्र वळणे उतरून, सायकल हाती धरून चालत पार करावीत. यात कमीपणा काही नाही. आमच्या सहलीत तो नियमच आहे, आणि तो गिअरवाल्यांनाही लागू आहे.

चेन आणि फूटपट्टी

चेन तपासण्यासाठी कंपासपेटीतली बारा इंची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या चोवीस पिना मोजा. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असल्यामुळे चोविसावी पिन नेमकी बारा इंचांवर यायला हवी. ती एक सोळांश इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांशाने पुढे गेली असेल तर बहुधा मागचे दातेही झिजले, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. गणिताच्या तासाला करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे!

चेन बदलायची असेल तर निदान आठ-दहा दिवस आधी बदलावी आणि तिच्यावर शाळेत ये-जा करावी. निघायच्या दिवशी सायकलीवर कोणतीही वस्तू अगदी नवी नसावी.

वाटेसाठी अख्खी चेन नको. चेन तोडण्याचे छोटे हत्यार आणि आपल्या चेनच्या रुंदीची एक-दोन जोडकड्या पुरेत. बिनगिअरच्या सायकलीची चेन रुंद असते, तिच्या जोडकडीला स्प्रिंगची क्लिप असते. क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवावे, उलट बसवली तर ती निसटण्याचा धोका असतो. तेलाची छोटी बाटली आणि चिंधी एकत्र ठेवावी. तेल कड्यांच्या आत हवे, बाहेरचे पुसून टाकावे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

गिअरच्या सायकलीची एक नाजूक जागा

मागचा गिअर बदलणारा भाग, म्हणजे डिरेलर, फ्रेमला एका लहान धातूच्या तुकड्याने अडकवलेला असतो. त्याला हँगर म्हणतात. अनेक सायकलींत तो मुद्दाम मऊ धातूचा, सुटा करता येण्याजोगा केलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेमऐवजी तोच वाकावा ही योजना. पण प्रत्येक कंपनीच्या, कित्येकदा प्रत्येक मॉडेलच्या हँगरचा आकार वेगळा. तो मोठ्या शहरातही शोधावा लागतो. म्हणून गिअरवाल्याने सायकल घेतानाच एक जास्तीचा हँगर मागून घ्यावा आणि तो सहलीला न विसरता न्यावा. तो नसताना मोडलाच, तर डिरेलर बाजूला करून, चेन तोडून आखूड करायची आणि एकाच दात्यावर सायकल हळूहळू चालवायची. चेन तोडण्याचे हत्यार येथेही कामी येते.

स्पोक, नट आणि छर्रे

सामान लादलेल्या सायकलीचे मागचे चाक सर्वांत जास्त भार सोसते, त्यामुळे स्पोक बहुधा तेथेच तुटतो. गिअरच्या चाकात उजव्या आणि डाव्या स्पोकची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजूंचे दोन-दोन, निपलसह घ्यावेत आणि फ्रेमच्या नळीला टेपने बांधावेत. उजवीकडचा स्पोक घालायला फ्रीव्हील काढावे लागते. त्याचे हत्यार लहान असते, ते न्यावे. ते फिरवायचा मोठा पाना रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मिळतो.

जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकात ४० आणि पुढच्यात ३२ स्पोक असतात. चाळिसातला एक गेला तर तो शेजारच्याला गुंडाळून, आजूबाजूचे थोडे आवळून चाकाचा आउट काढता येतो आणि दिवस निभावतो. वीस-चोवीस स्पोकच्या शर्यतीच्या चाकाला एक गेला तरी चाक ब्रेकला घासू लागते.

कॅरिअरचे बोल्ट हादऱ्यांनी ढिले होऊन गळतात. बहुतेक सायकलींना ते ५ मिलिमीटरचे असतात. असे चार बोल्ट, नट आणि वायसर एका डबीत ठेवावेत. जुन्या सायकलीसाठी एक कॉटर पिन आणि पाव इंची छर्रे थोडे असावेत. गिअरच्या सायकलींना ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की लागतात. जुन्यांना पाने, आणि त्यांच्यासाठी आठ तोंडांचा डंबेलसारखा पाना फार सोयीचा. एक गोष्ट सर्वांनी पाठ करावी : डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून आवळायचे. न कळत जोर लावला तर क्रँकचे आटे जातात, आणि ते पिशवीतल्या कोणत्याही वस्तूने परत येत नाहीत.

कोणी काय वाहायचे

प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचे : आपल्या मापाची ट्यूब, पंक्चरचे सामान, ब्रेकची वायर, ब्रेकच्या रबरांची किंवा पॅडची एक जोडी आणि लागू असेल तर हँगर व अ‍ॅडाप्टर.

बारा जणांच्या गटासाठी सामाईक : दोन पंप, पान्यांचा आणि अ‍ॅलन कीचा संच, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, चेनचे हत्यार, जोडकड्या, स्पोक व त्यांचा पाना, फ्रीव्हीलचे हत्यार, नट-बोल्टची डबी, गटात जास्त सायकली ज्या मापाच्या असतील त्या मापाचा एक टायर, इन्सुलेशन टेप, बांधणीची तार, सुतळी, तेल. हे सामान दोघांत वाटावे. एक पुढच्यांबरोबर, एक सर्वांत मागे राहणाऱ्या शिक्षकाबरोबर. सगळे हत्यार पुढे निघून गेले आणि पंक्चर मागे झाले, तर ते असून उपयोग काय?

घरी ठेवायचे : जास्तीची चेन, फ्रीव्हील, सीट, माणशी एकेक टायर, तेलाचा मोठा डबा. आणि ज्याचे हत्यार नाही तो सुटा भाग, किंवा जे वापरता येत नाही ते हत्यार.

आता त्या प्रश्नाचे उत्तर

वरची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट लक्षात येईल. 'दुसरीकडे मिळणार नाही' अशा बहुतेक वस्तू महागड्या सायकलींच्या आहेत : हँगर, डिस्कचे पॅड, बारीक वॉल्वचा अ‍ॅडाप्टर. साध्या काळ्या सायकलीची मापे वर्षानुवर्षे तीच राहिली आहेत. तिची ट्यूब, कॉटर पिन, छर्रे लहान बाजारातही मिळण्याची शक्यता अधिक, आणि तिला हात लावायला खेड्यातला कारागीर कचरत नाही. ती जड आहे, आंबोलीच्या चढणीवर ती ढकलावी लागेल आणि उतरणीवर अधिक जपावे लागेल, हे खरे. पण ढकलत जाणारा मुलगा घाटमाथ्यावर पोहोचतोच. हँगर मोडून जंगलात उभा राहिलेला मात्र तेथेच राहतो.

१९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. आजच्या हलक्या, अनेक गिअरांच्या सायकली तेव्हा कोठे होत्या? तेव्हा सायकल जुनी म्हणून कोणाही विद्यार्थ्याने नाव मागे घेऊ नये. आमची अट सायकलीच्या किमतीची नाही, पुढील तीन गोष्टींची आहे. ब्रेक, टायर आणि चेन तपासणीत उतरलेली असावी. स्वतःची पिशवी भरलेली असावी. आणि ज्याला-त्याला स्वतःच्या सायकलीचे चाक काढून, ट्यूब बदलून, चाक परत बसवता आले पाहिजे. हे शिक्षकांनी करून द्यायचे काम नव्हे.

पालकांना विनंती की, पाल्याला घरच्या अंगणात एकदा तरी हे सगळे एकट्याने करू द्यावे. हात काळे होतील, तासभर लागेल, लागू द्या. विश्वस्त मंडळास विनंती की, सामाईक हत्यारांचा एक संच शाळेच्या नावाने कायमचा असावा. ज्यांना ट्यूब-वायरचा खर्च जड जातो त्यांना तो त्यातूनच मिळावा. दरवर्षी त्यात फक्त सोल्युशन आणि रबरी सामान नवे भरावे लागेल, लोखंड पुष्कळ वर्षे टिकेल.

सहलीआधी दोन आठवडे सर्व सायकलींची तपासणी शाळेच्या मैदानावर होईल. येताना सायकल, पिशवी आणि फूटपट्टी, तिन्ही आणावे.